विममध्ये निवड चुकली तर लगेच एस्केप दाबू नका

विम हा कीबोर्डवरून चालवायचा टेक्स्ट एडिटर नव्याने शिकणाऱ्याच्या शेजारी बसलं की हे हमखास दिसतं. व्ही दाबून मजकूर निवडायला घेतो, चार ओळी खाली गेल्यावर कळतं की सुरुवातीचा एक शब्द सुटला. मग एस्केप, परत वर, परत व्ही. एवढंच करायचं तर माउस काय वाईट होता?

अशा वेळी फक्त ओ दाबा. कर्सर निवडीच्या दुसऱ्या टोकाला जातो, आणि आता ते टोक हलतं. बी दाबून शब्द आत घ्या, पुन्हा ओ दाबून खाली या. कंट्रोल-व्हीने उभा पट्टा निवडला असेल, तर कॅपिटल ओ त्याच ओळीतल्या समोरच्या कोपऱ्यात नेतो. (विंडोजवर कंट्रोल-व्ही पेस्ट करत असेल तर कंट्रोल-क्यू.) सुरुवातीला एवढं जरी हाताला बसलं तरी माझ्या मते पुष्कळ झालं.

निवडीचा प्रकारही मधेच बदलतो: शिफ्ट-व्ही दाबलं की अर्धवट ओळी पूर्ण धरल्या जातात. कंसात असाल तर ए आणि मग कंसाचं चिन्ह दाबलं की अख्खा कंस निवडला जातो. तेच पुन्हा दाबलं की बाहेरचा कंस. एकात एक फंक्शन कॉल असलेल्या कोडमध्ये मी दुसरं काही वापरतच नाही. आणि निवड सुटलीच, तर जी-व्हीने शेवटची निवड परत येते. इंडेंट केल्यावर निवड नाहीशी होते, तेव्हा याचा फार उपयोग.

पण प्रत्येक कामाला निवड कशाला? निवडून केलेला बदल टिंब दाबून (टिंब म्हणजे शेवटचा बदल पुन्हा करा) दुसरीकडे करायला गेलात, तर विम तेवढीच अक्षरं धरतं. पहिला शब्द पाच अक्षरी आणि दुसरा आठ अक्षरी असेल, तर शेवटची तीन अक्षरं तशीच लोंबकळत राहतात. एक शब्द बदलायचा असेल तर सरळ सी-आय-डब्ल्यू, म्हणजे न निवडता कर्सरखालचा शब्द बदला. मग टिंब शब्द बघतं, लांबी नाही.

हेलिक्स किंवा काकून हे विमसारखेच एडिटर वापरत असाल तर तिथे आधी निवड, मग आज्ञा असाच क्रम असतो. टोकं बदलायला ऑल्ट आणि अर्धविराम.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक. इनस्क्रिप्ट ही देवनागरी कीबोर्डची मांडणी चालू असताना व्ही दाबलं की विमला ‘न’ मिळतो आणि निवड सुरूच होत नाही. नॉर्मल मोडमध्ये, म्हणजे आज्ञा देण्याच्या मोडमध्ये, येताना कीबोर्ड इंग्रजीवर आणा, नाहीतर विमच्या लँगमॅप या सेटिंगमध्ये ‘न’ म्हणजे व्ही असं लिहून ठेवा.