गॉटलंडची ड्रिक्का घरी करताय? या चुका टाळा

बाल्टिक समुद्रातल्या या स्वीडिश बेटावर शेतकरी घरोघरी ड्रिक्का नावाची बीअर करत: बर्चच्या धुरावर वाळवलेला सातूचा माल्ट (मोड आणलेले दाणे), ज्युनिपर या टोचऱ्या पानांच्या झुडपाच्या फांद्या उकळून काढलेलं पाणी, थोडे हॉप्स (कडवट चवीची फुलं) आणि यीस्ट. तरुण मंडळी पुन्हा तिच्याकडे वळताहेत, याचा मनापासून आनंद आहे. पण त्याच त्याच चुका पाहून जीव मेटाकुटीला येतो.

सगळ्यात वाईट घाई गाळताना होते. पिंपाच्या तळाशी लाकडी पट्ट्या, त्यावर पेंढा नि ज्युनिपरच्या फांद्या आणि वर गरम पाण्यात भिजलेला माल्ट, अशी गाळणी असते. शेजारच्या गावात नव्याने राहायला आलेल्या एका जोडप्याने माल्ट पार पिठासारखा दळला आणि तोटी एकदम पूर्ण उघडली. दोनेक बादल्या आल्या आणि धार बंद! मग नवऱ्याने वल्ह्यासारखं लाकूड तळापर्यंत घालून ढवळलं. पेंढा वर तरंगला, पीठ तोटीत बसलं. मी पोचलो तेव्हा दोघं रडकुंडीला आली होती. सगळं उपसलं, नव्या फांद्या अंथरल्या, पुन्हा थर लावला; मध्यरात्र उलटली. एवढं करूनही ड्रिक्का गढूळ झाली, आणि लवकरच आंबट.

दाणा फक्त फुटला पाहिजे, टरफल अख्खं राहिलं पाहिजे. धार पेन्सिलीएवढी ठेवा. पहिलं गढूळ पाणी हळूच परत वर ओता. मी तोटी उघडली की खुर्ची टाकून बसतो, तिला हात लावत नाही. धार अडलीच तर तोटीला नळी जोडून खालून थोडं गरम पाणी वर चढवा आणि थांबा. पाणी ७५ अंशांच्या वर नको. टरफलाचा तुरटपणा उतरतो.

फांदी ओळखूनच तोडा. इथल्या रानात यू हा सदाहरित वृक्षही वाढतो, आणि तो जीवघेणा विषारी आहे. ज्युनिपरची पानं तीन-तीनच्या झुपक्यात, सुईसारखी टोचणारी. यूची चपटी आणि मऊ. बागेतल्या शोभेच्या झुडपांना तर हातच लावू नका, त्यांतल्या सॅव्हिन जातीचं तेल विषारी असतं. शंका आली की फांदी टाकून द्यायची.

बाटलीतला धुराचा अर्क वापरू नका. धुरावरचा माल्ट मिळत नसेल तर मिळेपर्यंत थांबा.

बेकरीचं यीस्ट खुशाल वापरा, पण गाळलेला माल्टचा रस कोमट झाल्यावरच घाला.

काचेच्या बाटल्या घट्ट बंद करणं हा तर धोकाच. ड्रिक्कात साखर उरलेली असते, यीस्ट जिवंत असतं; काच फुटते आणि डोळ्याला इजा होऊ शकते. मी प्लॅस्टिकच्या बाटल्या, झाकण सैल ठेवून, फ्रिजमध्ये उभ्या ठेवतो.

‘मुरली की छान लागेल’ म्हणून ठेवून देणाऱ्यांनाही सांगतो: पुष्कळ घरांत रस उकळतच नाहीत, म्हणून ती टिकत नाही. ताजी असतानाच प्या, आणि महाराष्ट्रात असाल तर परवान्याशिवाय करूच नका, तिथे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे.