सहा जणांच्या एजन्सीत ॲक्सेसिबल वेबसाइट कशी बनवायची (आम्ही करतो तसं)

सिंहगड रोडच्या बाजूला एक मंगल कार्यालय आहे, त्यांची साइट आम्ही केली होती आणि त्यातलं माझं लाडकं काम म्हणजे बुकिंगचं कॅलेंडर. हिरवी तारीख मोकळी, लाल तारीख बुक, मुहूर्ताच्या तारखेला कोपऱ्यात छोटासा कलश. मालक काका इतके खूश की पेढे घेऊन आले ऑफिसला. दोन महिन्यांनी त्यांना एका सरांचा फोन आला, मुलीच्या लग्नासाठी हॉल बघत होते, त्यांना दिसत नाही, स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर, वापरतात, आणि त्यांनी सरळ विचारलं की अहो तुमचं कॅलेंडर मला नुसतं "एक, दोन, तीन, चार" ऐकवतंय, उजळणी म्हणतंय बसून, मोकळी तारीख कुठली ते सांगा की. काकांनी त्यांना माझा नंबर दिला. मी हेडफोन लावून तेच कॅलेंडर ऐकलं आणि खरंच उजळणीच होती ती, एकतीसपर्यंत.

ते सर आता आमच्या साइट टेस्ट करतात, पैसे घेऊन, फुकट नाही, हे मुद्दाम सांगते कारण आपल्याकडे "जरा बघून द्या ना" म्हणून लोकांचा दिवस खायची सवय आहे. आणि त्या फोननंतर आम्ही कामाची पद्धत जी बदलली ती खाली लिहितेय. तुमची एजन्सी मोठी असेल, वेगळी ऑडिट टीम असेल तर हे तुमच्यासाठी नाही. चार-सहा जणं, वर्डप्रेस आणि एलिमेंटर (साइट बांधायची तयार साधनं), क्लायंट म्हणजे क्लासेस, दवाखाने आणि कार्यालयं, अशांसाठी आहे.

सुरुवात कोटेशनपासून

ॲक्सेसिबिलिटी (दिव्यांग माणसांनाही साइट नीट वापरता येणं) अशी वेगळी ओळ कोटेशनमध्ये टाकू नका. टाकलीत की क्लायंट पहिली तीच खोडतो, "हे नको आत्ता, पुढच्या फेजला बघू", आणि ती पुढची फेज कोणाच्याच आयुष्यात येत नाही. आम्ही ते बेस रेटमध्येच धरतो, जसं मोबाइलवर साइट नीट दिसणं धरतो तसं, त्याचे कोणी वेगळे पैसे लावतं का आता? वेळही म्हणाल तेवढा लागत नाही, सुरुवातीपासून केलं तर. कॅलेंडर नंतर उसवून परत शिवायला मात्र मला सलग आठ दिवस लागले, तेही काकांकडून एक रुपया न घेता, चूक माझीच होती ना.

कोणी विचारलंच "कशाला?" तर दोन गोष्टी सांगा. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे आणि एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भाग आहे. दुसरी गोष्ट, बाहेरच्या देशातलं काम घेणार असाल तर युरोपचा ॲक्सेसिबिलिटीचा कायदा २८ जून २०२५ पासून लागू झालाय, तिथले क्लायंट आता पहिल्याच मीटिंगमध्ये विचारतात. नियमावली म्हणाल तर डब्ल्यूसीएजी (WCAG), ॲक्सेसिबल साइटचे जगभर मानले जाणारे नियम, सगळ्यात नवीन आवृत्ती २.२, ऑक्टोबर २०२३ ची, आणि त्यातल्या ए, डबल ए, ट्रिपल ए अशा तीन लेव्हलपैकी डबल ए धरायची. ट्रिपल एच्या मागे लागू नका, दमाल.

आणि ते कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह असलेलं विजेट, एक ओळ कोड टाका आणि साइट ॲक्सेसिबल झाली म्हणणारं, ते घेऊ नका. २०२५ मध्ये अमेरिकेच्या ट्रेड कमिशनने अशा एका कंपनीला असल्याच दाव्यांवरून १० लाख डॉलर भरायला लावले. सरांना विचारलं तर म्हणाले, "मॅडम, माझा स्क्रीन रीडर माझ्याकडे आहे, तुमचा कशाला मध्ये?"

क्लायंटकडून मजकूर घेताना

खरी लढाई इथे असते. मजकूर मागितला की काय येतं, व्हॉट्सॲपवर हँडबिलाचा फोटो. दर, वेळा, पत्ता, अटी सगळं त्या एका चित्रात, आणि इंटर्न तेच चित्र तसंच होमपेजवर चिकटवतो. स्क्रीन रीडरला तिथे काहीच नाही, आणि त्या चित्राला लिंक लावलेली असेल आणि ऑल्ट टेक्स्ट (चित्रात काय आहे ते सांगणारा, कोडमधला मजकूर) नसेल तर तो बरेचदा फाइलचं नावच वाचत सुटतो, "व्हॉट्सॲप इमेज दोन हजार चोवीस डॅश शून्य पाच डॅश..." म्हणून नियम साधा, चित्रातली अक्षरं टाइप करायची. कंटाळा येतो, पण ती गूगललाही दिसतात, क्लायंटला तेवढं सांगितलं तरी पटतं.

प्रेसवाल्याकडची फाइल आली तर आधी बघा ती युनिकोड आहे का, म्हणजे कुठल्याही फोनला, कॉम्प्युटरला मराठी म्हणून वाचता येणाऱ्या अक्षरांत आहे का. पुण्यातल्या जुन्या प्रेसमध्ये अजून श्रीलिपीचे जुने फॉन्ट चालतात, त्यात दिसतं मराठी पण खाली कोड भलतेच असतात. ते कॉपी करून टाकलं आणि तो फॉन्ट लावला की डोळ्यांना झकास, आणि कानाला नुसता कचरा. कन्व्हर्टर मिळतात, पण नंतर एकदा वाचून घ्याच, रफार आणि जोडाक्षरं हमखास हलतात.

रंग

काकांचा भगवा. बोर्डावर, पत्रिकेवर, वाढप्यांच्या टोप्यांवर, सगळीकडे तोच, आणि साइटवर त्या भगव्या बटणावर पांढऱ्या अक्षरात "बुकिंग करा". मोजलं तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजेडातला फरक, २.१ आला. साध्या अक्षरांना ४.५ लागतो, मोठ्या अक्षरांना ३. काका म्हणाले, "रंगाला हात लावायचा नाही, तीस वर्षं चाललाय." मग रंग तोच ठेवला, अक्षरं गडद काळपट मरून केली, झालं. भगव्या-पिवळ्यावर पांढरं लिहायचा मोह सगळ्यांना होतो, तिथे अक्षरं गडद करा, भांडण मिटतं.

करड्या रंगाची एक गंमत सांगते. पांढऱ्यावर #७६७६७६ (हा त्या करड्याचा कोड) चालतो, ४.५४ येतं, आणि #७७७७७७ नापास, ४.४८. एका घराने परीक्षा हुकते. आमचा डिझायनर #९९९९९९ वापरायचा "मिनिमल दिसतं" म्हणून, ते जेमतेम २.८५ आहे, उन्हात रिक्षात बसून मोबाइलवर वाचून दाखव म्हटलं.

नुसत्या रंगावर अर्थ ठेवू नका. लाल म्हणजे बुक, हे ज्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही त्याला कसं कळणार? स्क्रीनशॉट ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, आमच्या कॅलेंडरमध्ये दोन्ही एकच करडे दिसले. आता बुक तारखेवर फुली असते.

आता एचटीएमएल, आणि ते कॅलेंडर

ज्यावर क्लिक करायचं ते बटण, जे दुसरीकडे नेतं ती लिंक. एवढं पाळलं तरी निम्मं काम होतं. डिव्हला (एचटीएमएलमधला नुसता चौकोनी खोका) क्लिक लावून बटणासारखं सजवलं की माउसला चालतं, पण टॅब तिथे थांबत नाही, एंटर चालत नाही, आणि स्क्रीन रीडरला ते बटण आहे हेच माहीत नसतं. माझ्या कॅलेंडरात असे एकतीस डिव्ह होते.

दुरुस्ती अशी केली. प्रत्येक तारीख खरं बटण, आणि त्याला पूर्ण नाव, म्हणजे दिसताना "१४" दिसतं पण ऐकू येतं "१४ डिसेंबर, मुहूर्त, सकाळ मोकळी, संध्याकाळ बुक". बुक तारखा डिसेबल्ड केल्या तर टॅब त्यांना गाळून पुढे जातो आणि माणसाला वाटतं तारीखच हरवली, म्हणून तिथे एरिया-डिसेबल्ड (aria-disabled, "हे बंद आहे" असं स्क्रीन रीडरला सांगणारी कोडमधली खूण) वापरलं, ऐकू येतं पण बुकिंग होत नाही. पुढचा महिना दाबल्यावर महिन्याचं नाव लाइव्ह रीजनमध्ये (बदललं की स्क्रीन रीडर आपणहून वाचतो असा भाग) टाकलं, नाहीतर दाबून काय झालं ते कळतच नाही. कलशाचं ऑल्ट मुद्दाम रिकामं ठेवलं, मुहूर्त बटणाच्या नावात आलाच होता, दोनदा कशाला.

एवढं करून सरांना दाखवलं, मोठ्या तोऱ्यात. ते म्हणाले, "छान झालंय, पण मॅडम, अठ्ठावीस तारखेला जायला अठ्ठावीस वेळा टॅब?" मग बाणाच्या कीने फिरायची सोय केली, आणि त्याहून कामाचं म्हणजे कॅलेंडरच्या खाली साधी यादी टाकली, "या महिन्यातल्या मोकळ्या तारखा", एकाखाली एक लिंक, कसलीही कलाकुसर नाही. आता काकांच्या ऑफिसमधला मुलगा फोनवर तारखा सांगायला तीच यादी उघडतो, कॅलेंडर तो बघतही नाही. माझं लाडकं काम, काय बोलणार.

बाकी भराभर सांगते. एलिमेंटरमध्ये हेडिंगचा टॅग अक्षराचा आकार बघून निवडू नका, एच फोर लहान दिसतो म्हणून एच फोर असं चालत नाही, एका पानाला एक एच वन, त्याखाली एच टू, आकार वेगळा ठरवा. आउटलाइन नन (टॅब केल्यावर दिसणारी चौकट घालवणारी ओळ) लिहिणाऱ्याकडून आमच्याकडे सगळ्यांना चहा लागतो, टॅब करताना आपण कुठे आहोत ते दिसलंच पाहिजे. पानाच्या अगदी वर "मुख्य मजकुराकडे जा" अशी लिंक ठेवा. व्ह्यूपोर्टमध्ये (मोबाइलवर पान किती मोठं दिसेल ते ठरवणारी सेटिंग) झूम बंद करू नका, आजी-आजोबा दोन बोटांनी मोठं करूनच वाचतात सगळं. मोबाइलवर बोट लावायची जागा कमीत कमी २४ बाय २४ पिक्सेल. आणि ती सरकती सूचनापट्टी, जी प्रत्येक शाळेला आणि ट्रस्टला हवीच असते, ती पाच सेकंदांपेक्षा जास्त सरकत असेल तर थांबवायचं बटण द्यावं लागतं. मी क्लायंटला ते बटण दाखवते, ते म्हणतात मग राहू दे पट्टीच. हा माझा आवडता नियम आहे.

मराठी साइट असेल तर

एचटीएमएल टॅगवरचं लँग ॲट्रिब्यूट, म्हणजे पानाची भाषा सांगणारी खूण, "एमआर" (mr, मराठी) करा. थीममध्ये ते इंग्रजी असतं आणि कोणी बघत नाही. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजात मराठी वाचायला जातो, मजकूर गाळतो नाहीतर काहीतरी विचित्र बोलतो. मध्ये इंग्रजी परिच्छेद असेल तर तेवढ्याला इंग्रजीचं लँग द्या. याचा डोळस फायदाही आहे, फॉन्टमध्ये सोय असेल तर "एमआर" दिल्यावर ल आणि श आपल्या मराठी वळणाचे दिसतात, हिंदी वळणाचे नाही. हे मी काकांना दाखवलं तर बाकी कशापेक्षा त्यांना याचंच कौतुक वाटलं.

इंग्रजी डिझाइनमधलं लेटर स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) देवनागरीला लावू नका, शिरोरेषा तुटते, शब्द दात पडल्यासारखा दिसतो. लाइन हाइट (ओळीची उंची) १.६ च्या खाली नेली की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात.

फॉर्म

प्लेसहोल्डर, म्हणजे रकान्याच्या आत फिकट दिसणारा मजकूर, हे लेबल नाही, टाइप करायला लागलं की गायब होतं आणि मग माणूस विचार करतो इथे वराचं नाव होतं का वधूचं. प्रत्येक रकान्याला वर लेबल, नुसतं दिसायला नाही तर कोडमध्ये जोडलेलं. चूक झाली तर नुसती लाल चौकट नको, काय चुकलं ते लिहा, "मोबाइल नंबर १० आकडी हवा, ९ आकडे आहेत" असं, आणि ते त्या रकान्याशी जोडा म्हणजे ऐकूही येईल. कॅप्चा शक्यतो टाळा.

टेस्टिंग

लाइटहाउसमध्ये, म्हणजे साइट आपोआप तपासून मार्क देणाऱ्या टूलमध्ये, १०० आले म्हणून पार्टी करू नका. ऑल्ट आहे का ते मशीनला कळतं, ऑल्टमध्ये "फोटो" एवढंच लिहिलंय हे चूक आहे ते कळत नाही. लाइटहाउस आणि तशीच वेव्ह, ॲक्स ही टूल, सगळं चालवा, पण ते पहिलं चाळण आहे.

मग माउस काढून ठेवा. खरंच केबल काढून ड्रॉवरमध्ये टाका, नाहीतर हात जातोच. टॅब, शिफ्ट टॅब, एंटर, स्पेस, एस्केप एवढ्यावर पूर्ण बुकिंग करून दाखवायचं. मेनूत अडकलात, पॉपअप बंद होईना, टॅब पॉपअपच्या मागे पळाला, हे सगळं दहा मिनिटांत सापडतं. त्यानंतर ब्राउझर २०० टक्के झूम करून परत तेच.

मग एनव्हीडीए (NVDA), हा स्क्रीन रीडर, फुकट आहे, विंडोजवर चालतो. एच दाबलं की पुढचं हेडिंग, बी दाबलं की पुढचं बटण, एफ म्हणजे फॉर्मचा पुढचा रकाना, इन्सर्ट आणि एफ सात दाबलं की सगळ्या लिंकची यादी. त्या यादीत "अधिक वाचा" अकरा वेळा दिसलं की काय चुकलंय ते आपोआप कळतं. मोबाइलवर टॉकबॅक, अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर, पण चालू करण्याआधी बंद कसं करायचं ते शिकून घ्या, दोन्ही व्हॉल्यूम बटणं तीन सेकंद दाबून शॉर्टकट आधी सेट करा. आमच्या इंटर्नने तसंच चालू केलं, एकदा टॅप करून काही होईना, फोन बडबडतोय, आईचा फोन येतोय आणि त्याला उचलता येईना, "ताई, फोन हॅक झाला" म्हणून आला माझ्याकडे.

सगळ्यात शेवटी सर. त्यांना आम्ही प्रश्न विचारत नाही, काम देतो, "डिसेंबरमधली एखादी संध्याकाळ बुक करून बघा", आणि गप्प बसतो. मध्ये बोलायची फार इच्छा होते. बोलायचं नाही.

साइट सोपवताना

साइट हातात दिली की क्लायंट पहिल्या आठवड्यात पाच फोटो चढवतो आणि सगळ्यांचं ऑल्ट रिकामं. म्हणून सोपवताना अर्धा तास बसून तेवढंच शिकवतो, मीडिया लायब्ररीत कुठला चौकोन भरायचा आणि काय लिहायचं. काकांना सांगितलं, फोनवर गिऱ्हाइकाला हॉल कसा आहे ते जसं सांगता तसंच लिहा. त्यांनी लिहिलं, "मुख्य हॉल, ४०० खुर्च्या, स्टेज डाव्या हाताला, जेवणाचा हॉल खालच्या मजल्यावर, पायऱ्या १६, लिफ्ट नाही, म्हाताऱ्या माणसांना मागच्या गेटने उतार आहे, वॉचमनला सांगावे." ऑल्टसाठी हे फार लांब झालं, म्हणून आम्ही "मुख्य हॉल, स्टेज डाव्या हाताला" एवढं ऑल्टमध्ये ठेवलं आणि पायऱ्या, लिफ्ट, मागचं गेट हे सगळं फोटोखाली ठळक अक्षरात घातलं, "कसं यायचं" असं एच टू देऊन.