टीएशिप: पहिल्या सेमिस्टरला मला काय काय कळलं

टीएशिप (टीचिंग असिस्टंटशिप, म्हणजे स्वतः शिकत असताना प्रोफेसरांना कोर्स शिकवायला मदत करायचं पगारी काम) मिळाली की पहिला आनंद पैशांचा होतो, मलाही झाला, ट्यूशन फी माफ आणि वर दर महिन्याला स्टायपेंड म्हणजे डोक्यावरचं मोठं ओझं उतरतं. पण सही करायच्या आधी ऑफर लेटर दोनदा वाचा. ट्यूशन माफ म्हणजे सगळी फी माफ असं नसतं, बऱ्याच ठिकाणी बाकीच्या फी आपल्यालाच भराव्या लागतात, आणि पगार कित्येकदा ९ महिन्यांचाच असतो, मग उन्हाळ्यात काय ते आधीच विचारून ठेवा. हेल्थ इन्शुरन्सचंही विचारा. अमेरिकेत एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं आणि तिथली हाफ-टाइम टीएशिपच साधारण २० तासांची असते, त्यामुळे जोडीला लायब्ररीतलं काम वगैरे करू असं डोक्यात असेल तर ते जमत नाही.

ऑफरमध्ये फंडिंग नसेल तरी लगेच नाराज होऊ नका. सेमिस्टर सुरू व्हायच्या महिना-दोन महिने आधी ज्या कोर्सला टीए व्हायचंय तो शिकवणाऱ्या प्रोफेसरांना मेल करा, आणि त्यात "मला टीएशिप हवी आहे" एवढंच नको, कुठला कोर्स, तो तुम्ही कधी केलात, मार्क किती, आधी कुणाला शिकवलंय का, हे चार ओळीत लिहा. ऐनवेळी कोणी ना कोणी गळतंच, तेव्हा तुमचं नाव त्यांच्या डोळ्यासमोर असलं पाहिजे. इंग्रजी ही मातृभाषा नसेल तर काही विद्यापीठं बोलण्याची वेगळी परीक्षा घेतात, तिची तारीख मात्र चुकवू नका.

आता खरं काम. मला वाटायचं टीए म्हणजे शिकवणं. पहिल्या रेसिटेशनला (प्रोफेसरांच्या लेक्चरनंतर छोट्या गटात गणितं सोडवायचा तास) मी तीन रात्री तयारी करून गेले, फळा दोनदा भरला, शेवटी "एनी क्वेश्चन्स?" विचारलं, कोणीच काही बोललं नाही, मी खुशीत बाहेर पडले. दोन दिवसांनी ऑफिस अवर्समध्ये (मुलांनी शंका घेऊन यायची ठरलेली वेळ) एक मुलगी आली, उतारावरच्या ठोकळ्याचं गणित घेऊन, आणि तिने नॉर्मल फोर्स (पृष्ठभाग ठोकळ्याला काटकोनात ढकलतो ते बल) सरळ एमजी, म्हणजे ठोकळ्याच्या वजनाएवढा लिहिला होता. उतारावर तो एमजी कॉस थीटा असतो, मी ते सांगणार होते पण थांबले, म्हटलं तू हे का लिहिलंस ते सांग. ती म्हणाली, नॉर्मल फोर्स म्हणजे वजनच ना, आत्तापर्यंतच्या सगळ्या गणितात तेच होतं. बरोबर होतं तिचं, आम्ही तोपर्यंत फक्त सपाट टेबलावरचीच गणितं घेतली होती! मी फळ्यावर कितीही वेळा कॉस थीटा लिहिला असता तरी ती गाठ सुटली नसती.

तेव्हापासून मी आधी विचारते, मग सांगते. आणि विचारल्यावर थांबते, हे फार अवघड आहे. मेरी बड रो नावाच्या संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांमध्ये मोजलं होतं, शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात, आणि तेच ३ सेकंद किंवा जास्त थांबले तर मुलं लांब उत्तरं देतात आणि जास्त मुलं बोलायला लागतात. ३ सेकंद ऐकायला काहीच नाहीत पण वर्गासमोर उभं राहून बघा, जीव कासावीस होतो. मनात आकडे मोजा.

पेपर तपासणं हा दुसरा मोठा भाग, वेळ सगळ्यात जास्त इथेच जातो. एका मुलाचा अख्खा पेपर एकदम तपासू नका, सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, असं करा, नाहीतर सकाळी ज्या उत्तराला ७ मार्क दिले तशाच उत्तराला रात्री ५ दिले जातात. नावं झाकता आली तर झाका. रुब्रिक (कशाला किती मार्क द्यायचे त्याची यादी) आधी ठरवा, पहिले दहा-पंधरा पेपर झाल्यावर ती बदलावीशी वाटेलच, बदला, पण मग ते पहिले पेपर परत बघा. मार्कांवरून वाद घालायला कोणी आलं तर तिथल्या तिथे मार्क वाढवू नका, लेखी मागा आणि दुसऱ्या दिवशी शांतपणे बघा.

आणि मार्क कोणालाही सांगायचे नाहीत, घरच्यांचा मेल आला तरी नाही, अमेरिकेत तर विद्यार्थ्यांची शैक्षणिक माहिती खाजगी ठेवण्यासाठी १९७४ चा फर्पा कायदाच आहे, असा मेल आला की उत्तर न देता प्रोफेसरांकडे पाठवा.

स्वतःच्या रिसर्चचं काय, हा प्रश्न राहतोच. मी तासांची वही ठेवली, कुठल्या दिवशी टीएच्या कामाला किती वेळ गेला ते लिहायचं. मिडटर्मच्या आठवड्यात २८ तास भरले, ती वही घेऊन प्रोफेसरांकडे गेले, त्यांनी लगेच तपासणीतले दोन प्रश्न दुसऱ्या टीएकडे दिले. तोपर्यंत मला वाटत होतं बाकीचे सगळे निभावतायत, माझंच हळू चाललंय. वही पहिल्या आठवड्यापासून ठेवा.