बकऱ्याच्या भेज्यात थॅलॅमस कसा शोधायचा

बारावी बायोलॉजी अन् नर्सिंगच्या पोट्ट्यांसाठी लिहून रायलो, कारण नुसत्या चित्रावरून थॅलॅमस (मेंदूच्या मधोमधचा, डोळा-कान-अंगाची खबर वर पोचवणारा भाग) काही समजत नाही. बाजाराच्या दिवशी खाटकाले आधीच सांगा, भेजा अख्खा पायजे, कुऱ्हाडीनं मधोमध फोडू नको म्हणा. ताजा भेजा लय लिबलिबीत असते म्हणून थोडा वेळ फ्रीजरमध्ये कडक होऊ द्या (कॉलेजात १० टक्के फॉर्मॅलिन असन तर उत्तमच, पण सरांसमोरच करा अन् तो भेजा मग कुत्र्यालेही टाकू नका).

आता लांब पातळ सुरी घ्या, दोन अर्धगोलांच्या मधल्या खाचेतून एकाच ओढीत खालपर्यंत कापा, मागंपुढं घासू नका. वर पांढरा वाकलेला पट्टा दिसते तो कॉर्पस कॅलोसम (दोन अर्धगोल जोडणारा), त्याच्याखाली फॉर्निक्स (पांढऱ्या तंतूंची कमान), अन् त्याच्याही खाली जो गोल राखाडी ठिपका दिसते ना, तिथंच डावा-उजवा थॅलॅमस एकमेकांले चिकटून होते. बकऱ्यात हा जोड चांगला मोठा असते, माणसात लहान, काही लोकांत तर नसतेच. भोवतीची गोल फट म्हणजे तिसरं व्हेंट्रिकल (मेंदूतली पाण्याची पोकळी), मागं पिनियल ग्रंथी, खाली हायपोथॅलॅमस.

मग एका अर्ध्याचा त्या ठिपक्यातूनच रुंदीत काप घ्या. थॅलॅमसच्या बाहेरून पांढरी इंटर्नल कॅप्सूल (कॉर्टेक्स म्हणजे मेंदूचा वरचा थर, तिथून खाली-वर जाणाऱ्या तंतूंचा पट्टा) जाते, हे नीट पाहाच, माणसात याच अरुंद जागेत छोटासा स्ट्रोक झाला तरी अर्धं अंग लुळं पडू शकते.

थॅलॅमसमध्ये पेशींचे वेगवेगळे गट (न्यूक्लियस) असते, पाठ करताना त्यायचं एवढं धरा: डोळ्याची खबर लॅटरल जेनिक्युलेटमध्ये, कानाची मीडियलमध्ये, अंगाचा स्पर्श व्हीपीएलमध्ये (व्हेंट्रल पोस्टेरोलॅटरल), चेहऱ्याचा व्हीपीएममध्ये (व्हेंट्रल पोस्टेरोमीडियल). वास तेवढा थॅलॅमसले न विचारता थेट कॉर्टेक्समध्ये जाते.