जर्मनचं डेर-डी-दास डोक्यात बसत नव्हतं, शेवटी असं जमवलं

वार्षिक परीक्षेला बारा दिवस राहिलेले आणि माझी जर्मन नामांच्या लिंगांचीच बोंब, म्हणजे कुठल्या शब्दाआधी डेर (तो), कुठल्या डी (ती) आणि कुठल्या दास (ते). मराठीत तो-ती-ते आहेच म्हणून सोपं जाईल असं वाटलेलं, पण तेच नडत होतं, काटा आपल्याकडे तो आणि तिकडे डी गाबेल म्हणजे ती, सुरी आपली ती तर तिकडे दास मेसर. रात्री दोनपर्यंत यादी वाचायचे, सकाळी पाटी कोरी.

मग रात्रीचं जागरण बंदच केलं. कार्डं केली, निळं डेर, लाल डी, हिरवं दास, आणि शब्द कधीच एकटा लिहिला नाही, आर्टिकल, म्हणजे हे डेर-डी-दास, सोबतच, तेही मोठ्याने म्हणत. उंग, हाइट, काइट हे प्रत्यय आले की डी, शेन आला की दास, म्हणून तर मुलगीसुद्धा दास मेडशेन, एवढ्यानेच अर्धं ओझं उतरलं. चुकलेलं कार्ड दुसऱ्या दिवशी परत, बरोबर आलेलं तीन दिवसांनी, मग आठवड्याने. सकाळी चहा व्हायच्या आत वीस कार्डं, बस्स.

परीक्षेच्या पेपरात त्साइटुंग (वर्तमानपत्र) हा उंगवाला शब्द आला तेव्हा लाल कार्ड अक्षरशः डोळ्यांसमोर दिसलं, खूप बरं वाटलं. डाटिव्हचं (जर्मनमधल्या चतुर्थी विभक्तीचं) मात्र अजून बाकी आहे, तोंडी परीक्षेआधी तेच धरणार आहे.