फ्लायव्हीलवर वेगळ्या मापाचा क्लच बसवताना

भरलेली गाडी कसारा घाट चढताना क्लच घसरू लागला, किंवा क्लच प्लेट दाबून धरणारी मूळ मापाची प्रेशर प्लेट बाजारात मिळेनाशी झाली, की जुन्या डिझेल जीप आणि पिकअपचे मालक मोठ्या क्लचचा विचार करू लागतात. 200 मिलिमीटरच्या जागी 225 मिलिमीटरची प्लेट बसवायची तर फ्लायव्हीलवर, म्हणजे क्रँकला जोडलेल्या ज्या जड चाकावर क्लच बसतो त्यावर, नवी भोके पाडावी लागतात, एवढेच बहुतेकांच्या लक्षात येते. भोके पाडणे हा या कामातला सोपा भाग आहे. क्लच टिकणार की थरथरणार हे नव्या भोकांचे केंद्र आणि घर्षणपृष्ठाची उंची यांवर ठरते, म्हणून मोजमापाला कामापेक्षा जास्त वेळ द्यावा.

प्रथम फ्लायव्हील कोणत्या प्रकारचे आहे ते पाहावे. आत स्प्रिंगा असलेले दोन भागांचे, म्हणजे ड्युअल मास फ्लायव्हील असेल, तर त्यावर असे मशीनिंग करू नये. एकसंध बिडाचे किंवा पोलादी फ्लायव्हीलच या कामासाठी घ्यावे आणि त्यावर तापून पडलेल्या निळसर डागांच्या जागी बारीक तडे आहेत का, हे नीट तपासावे. केसासारखे वरवरचे तडे फेसिंगमध्ये, म्हणजे पृष्ठ मशीनवर सपाट करताना, निघून जातात. बोल्टच्या भोकापासून निघालेला तडा दिसला, तर ते फ्लायव्हील भंगारातच द्यावे. बिडावर वेल्डिंग करून ते पुन्हा वापरण्याचा सल्ला कोणी दिला, तरी तो मानू नये, कारण फुटलेले फ्लायव्हील बेल हाउसिंग (क्लचभोवतीचे आवरण) फोडून बाहेर येऊ शकते.

नवी क्लच प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर चढवून स्प्लाइन (दोन्हींवरच्या खाचा) जुळतात का, हे आधीच पाहावे. त्यानंतर ती फ्लायव्हीलवर हाताने टेकवून फिरवावी. क्रँकच्या बोल्टच्या डोक्यांवर मातीचे छोटे गोळे चिकटवले, तर प्लेटचा मधला भाग आणि बोल्ट यांच्यात किती अंतर उरते हे दबलेल्या मातीच्या जाडीवरून कळते. प्रेशर प्लेटच्या मोठ्या कव्हरची कड बेल हाउसिंगच्या आतल्या बाजूला कुठे घासत नाही ना, याचीही खात्री याच वेळी करून घ्यावी.

आता पीसीडी, म्हणजे भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. सहा भोके समान अंतरावर असतील, तर शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांमधील अंतराची दुप्पट म्हणजे पीसीडी, आणि समोरासमोरच्या भोकांचे अंतर मोजून त्याचा पडताळा घेता येतो. मात्र अनेक कव्हरांवर भोके जोड्यांनी असतात आणि त्यांच्यामधील कोन सारखे नसतात, त्यामुळे प्रत्येक भोकाचे स्थान स्वतंत्रपणे मोजावे. कव्हर फ्लायव्हीलवर ठेवून सेंटर पंचने खुणा करण्याची पद्धत गॅरेजमध्ये सर्रास दिसते. तिच्यात कव्हर जरासे सरकले तरी केंद्र चुकते, आणि केंद्र चुकलेला क्लच ठरावीक आरपीएमला गाडी हलवतो.

हे काम नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतील व्हीएमसी (संगणकावर चालणारे उभे मिलिंग मशीन) असलेल्या जॉबवर्क शॉपमध्ये करून घेणे सर्वांत चांगले. फ्लायव्हीलचे क्रँकवर बसणारे मधले बोअर डायल गेजने मशीनच्या केंद्राशी जुळवायचे, त्यालाच मूळ संदर्भ धरायचे आणि एकाच सेटिंगमध्ये बोल्टची भोके व डॉवेलची (कव्हर जागेवर धरणाऱ्या पिनांची) भोके दोन्ही पाडायची, असे ऑपरेटरला स्पष्ट सांगावे. एम 8 च्या नेहमीच्या 1.25 पिचच्या टॅपसाठी 6.8 मिलिमीटरचे, तर एम 10 च्या 1.5 पिचसाठी 8.5 मिलिमीटरचे ड्रिल लागते. डॉवेलचे भोक नुसते ड्रिल करून न थांबता रीमरने अचूक मापाला आणावे, कारण कव्हरला केंद्रात धरण्याचे काम डॉवेलचे असते, बोल्टचे नव्हे. नवी भोके जुन्यांवर अर्धवट येत असतील, तर सगळा आराखडा काही अंश फिरवून ती जुन्या भोकांच्या मधल्या भरीव जागेत घ्यावीत.

घर्षणपृष्ठ आणि कव्हर टेकते ती कड यांच्या उंचीत काही फ्लायव्हीलना पायरी असते, आणि नव्या क्लचला लागणारी पायरी जुन्याइतकीच असेल असे नाही. घर्षणपृष्ठ गरजेपेक्षा खोल गेले, तर प्लेट झिजल्यासारखी स्थिती पहिल्याच दिवशी येते: डायफ्रॅमची (प्रेशर प्लेटमधील चकतीसारख्या स्प्रिंगची) बोटे गिअरबॉक्सकडे उभी राहतात आणि क्लच घसरतो. ते कमी खोल राहिले, तर बोटे आत दबतात आणि पेडल पूर्ण दाबूनही क्लच नीट सुटत नाही. म्हणून ज्या गाडीचा क्लच घेतला, त्याच गाडीच्या फ्लायव्हीलची पायरी डेप्थ गेजने मोजून तेच माप इथे द्यावे. नुसते फेसिंग करायचे असेल, तर दोन्ही पृष्ठांवरून सारखेच मटेरियल काढावे.

बॅलन्सिंगबाबत एक खबरदारी फार कमी लोक घेतात. काही इंजिनांच्या फ्लायव्हीलमध्ये मुद्दाम असमतोल ठेवलेला असतो; तो शॉपवाल्याने प्रामाणिकपणे शून्य केला, तर इंजिन आयुष्यभर थरथरेल. यासाठी मशीनिंगआधीच मूळ फ्लायव्हील बॅलन्सिंग मशीनवर चढवून असमतोल किती आणि कोणत्या कोनात आहे, ते लिहून घ्यावे. काम झाल्यावर आधी फ्लायव्हील एकटे त्या नोंदीप्रमाणे आणावे, मग प्रेशर प्लेट लावून पुन्हा तपासावे आणि दोन्हींवर रंगाची एक सलग रेघ ओढावी, म्हणजे गाडीवर ती त्याच स्थितीत बसवता येते.

बसवताना क्रँकचा माथा वायर ब्रशने स्वच्छ करावा. फ्लायव्हील कसल्यावर घर्षणपृष्ठाला डायल गेज लावून, क्रँक एकाच दिशेला दाबून धरत, पूर्ण फेरा फिरवावा, 0.1 मिलिमीटरहून अधिक फरक आला, तर पुढे जाऊ नये. पृष्ठ थिनरने पुसावे, प्लेट जुन्या इनपुट शाफ्टवर केंद्रात धरावी आणि कव्हरचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे करत आवळावेत. पहिले काही शे किलोमीटर गाडी शहरात व सपाट रस्त्यावर हलक्या भाराने चालवावी, त्यानंतर पेडलचा फ्री प्ले (क्लच सुटू लागण्याआधीची मोकळी हालचाल) पुन्हा तपासून लावावा आणि मगच नांदुरीहून सप्तशृंगगडाचा चढ भरल्या गाडीने घ्यावा.