परदेशी कायमचं जाताना मशीनं न्यायची की विकायची? सुतार, वायरमन आणि प्लंबरसाठी

मशीन बॅगेत भरण्याआधी उलटं करा आणि नेमप्लेट वाचा. ते तुमच्याबरोबर जाणार की इथेच विकलं जाणार, हे त्या चार ओळींवर ठरतं. मशीन किती हजारांना घेतलं होतं, यावर ठरवू नका. नेमप्लेटवर चार गोष्टी बघा: व्होल्ट, हर्ट्झ, वॅट आणि चौकोनात चौकोन अशी खूण. ती खूण म्हणजे डबल इन्सुलेशन. त्या मशीनला अर्थिंगची वायर नसते, दोनच वायरी असतात.

आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. जर्मनी, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दुबई इथेही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच आहे, प्लग मात्र आपल्यापेक्षा वेगळे. कॅनडा आणि अमेरिकेत साध्या सॉकेटला १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ मिळतं. म्हणून पहिला प्रश्न एवढाच: तुम्ही कुठे निघालात?

कॅनडाला निघाला असाल, तर वायरवाली मशीनं इथेच विका. २३० व्होल्टचं ड्रिल १२० व्होल्टला लावलं की व्होल्टेज निम्मं होतं, करंटही निम्म्यावर येतो, त्यामुळे ताकद साधारण पावच उरते. मशीन फिरतं, पण भिंतीला टेकवलं की अडतं. मग माणूस जोर लावतो, वेग आणखी पडतो, आर्मेचरवरचा पंखा हवा खेचेनासा होतो आणि वाइंडिंग जळतं. उलट तिकडचं १२० व्होल्टचं मशीन सुट्टीत गावी आणून इथल्या सॉकेटला लावलं, तर काही सेकंदांत धूर निघतो.

ट्रान्सफॉर्मर लावून चालेल का, हे बरेच जण विचारतात. हिशोब करून बघा. कॅनडातल्या घराचं साधं सर्किट १५ अँपिअरचं असतं, म्हणजे १२० गुणिले १५, १८०० वॅट. सलग काम करायचं तर त्याच्या ८० टक्केच धरायचे, म्हणजे १४४० वॅट. ८०० वॅटची हॅमर ड्रिल सुमारे ७ अँपिअर घेईल आणि चालेल. ७ इंची किंवा ९ इंची ग्राइंडर २००० वॅटच्या वर असतो. तो १२० व्होल्टच्या बाजूने १७ अँपिअर मागतो आणि ब्रेकर पाडतो. शिवाय सुरू होतानाचा झटका वेगळाच, म्हणून ट्रान्सफॉर्मर मशीनच्या वॅटच्या दुप्पट क्षमतेचा घ्यावा लागतो. असा लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर जिने चढून रोज साइटवर नेणं अवघड आहे. प्रवासाच्या दुकानात मिळणारे हलके कन्व्हर्टर तर मोटरला अजिबात लावू नका. ते इस्त्री, हेअर ड्रायर अशा तापणाऱ्या वस्तूंसाठी असतात. त्यातून येणाऱ्या विजेची लाट तुटलेली असते, मोटर तापते आणि वेग कमीजास्त करणारं सर्किट उडतं.

हर्ट्झची भीती मात्र बहुतेक हातातल्या मशीनना नाही. ड्रिल, ग्राइंडर, कटर, रंधा, ट्रिमर यांत कार्बन ब्रशवाली मोटर असते, तिला ५० काय नि ६० काय, दोन्ही सारखंच. अडचण इंडक्शन मोटरची: बेंच ग्राइंडर, कॉम्प्रेसर, मोठी टेबल सॉ. तिचा वेग थेट हर्ट्झवर ठरतो. इथे २८५० आरपीएमने फिरणारा बेंच ग्राइंडर ६० हर्ट्झवर ३४५० च्या आसपास जातो. त्यावरच्या दगडावर कमाल आरपीएम छापलेला असतो. तो ओलांडला तर दगड फुटून तुकडे तोंडावर येतात. ही मशीनं वजनालाही परवडत नाहीत. सोडून द्या.

आणखी एक कारण आहे, आणि ते व्होल्टेजइतकंच मोठं आहे. कॅनडात विजेच्या उपकरणावर मान्यताप्राप्त खूण लागते, उदाहरणार्थ सीएसए किंवा सीयूएल. भारतीय बाजारासाठी बनलेल्या मशीनवर ती नसते. ट्रान्सफॉर्मर लावून मशीन नीट चाललं, तरी कंत्राटदार ते साइटवर येऊ देईलच असं नाही.

आता जर्मनी. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून वायरमन, प्लंबर आणि सुतारांमध्ये जर्मनीची चौकशी वाढली आहे. तिथे आपलं मशीन विजेच्या दृष्टीने जसंच्या तसं चालतं. पण तीन ठिकाणी अडतं.

पहिलं, वायर आणि प्लग. आपला तीन गोल पिनांचा टॉप तिथल्या शुको, म्हणजे दोन गोल पिनांच्या सॉकेटमध्ये जात नाही. अडॅप्टर लावून साइटवर काम करू नका. कंपनांनी तो सैल होतो, ठिणगी पडते आणि प्लॅस्टिक वितळतं. वायरच बदलायची. डबल इन्सुलेशनच्या मशीनला दोन वायरींची रबरी केबल आणि अर्थ नसलेला, जाड गोलसर कडेचा प्लग लागतो. अर्थवालं मशीन असेल, तर तीन वायरी आणि पूर्ण शुको प्लग. जुन्या भारतीय केबलमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थ असते. तिथे तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थ. वायरीच्या तारा पिळून थेट स्क्रूखाली घालू नका, टोकाला फेरूल, म्हणजे धातूची छोटी नळी, दाबा. हँडलच्या तोंडाशी केबल पकडणारी पट्टी घट्ट बसली आहे ना, हे मशीन केबलला धरून ओढून बघा. इथली पीव्हीसी केबल थंडीत कडक होते आणि वाकवल्यावर तडकते. जर्मन साइटवर एक्स्टेन्शनला एच०७आरएन-एफ छापलेली रबरी केबल मागतात ती यासाठीच.

दुसरं, तपासणी. तिथे मालक कामगारांकडची विजेची मशीनं ठरावीक मुदतीने तपासून घेतो आणि त्यावर स्टिकर लागतं. मशीनवर सीई ही युरोपची मान्यतेची खूण नसेल, केबलला चिकटपट्टी गुंडाळलेली असेल किंवा गार्ड काढलेलं असेल, तर ते पहिल्याच दिवशी बाजूला ठेवलं जातं. प्लग बदलण्याचं कामही तिथल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, म्हणजे तपासणी तिथेच होऊन जाते.

तिसरं, मापं. इथे बहुतेकांचं घोडं अडतं, आणि याबद्दल कोणी आधी सांगत नाही. आपला रोजचा ४ इंची ग्राइंडर १०० मिलिमीटरची, १६ मिलिमीटर भोकाची चकती घेतो. जर्मनीत नेहमीचा ग्राइंडर १२५ मिलिमीटरचा, भोक २२.२३ मिलिमीटर. कॅनडात साडेचार किंवा ५ इंच, भोक तेच. म्हणजे मशीन सोबत नेलं, तरी तिथल्या साध्या दुकानात त्याला चकती मिळत नाही. मोठ्या भोकाची चकती वॉशर घालून बसवायचा प्रयत्न करू नका. ती मध्यभागी बसत नाही आणि १०,००० आरपीएमला थरथरत फुटते. ट्रिमरचंही तेच. आपल्या ट्रिमरला ६ मिलिमीटरचा कॉलेट, म्हणजे बिट आवळणारी पकड, असतो, कॅनडातले बिट पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. ६ चा बिट ६.३५ च्या कॉलेटमध्ये वरवर आवळला जातो, पण चालू कामात घसरून बाहेर येतो. जर्मनीत ८ मिलिमीटरचे बिट सर्रास मिळतात. तुमचे चांगले बिट न्यायचे असतील, तर त्यांच्याच मापाचा कॉलेट तिथल्या मशीनसाठी मिळतो का, ते आधी बघा.

मार्बल कटरबद्दल स्पष्ट सांगायला हवं. आपल्याकडे त्याला लाकडाचं ब्लेड लावून प्लाय कापतात, काही जण टेबलाखाली उलटा बसवून टेबल सॉ करतात. हे मशीन लाकडासाठी बनलेलंच नाही. ब्लेडच्या खालच्या भागावर मागे सरकणारं गार्ड त्याला नसतं, लाकडात ब्लेड अडकलं की ते अंगावर उसळतं. परदेशी साइटवर ही सवय दिसली की काम थांबवतात. प्लंज सॉ (वरून दाबून लाकडात उतरवायची करवत) आणि ती जिच्यावरून सरळ सरकते त्या गाइड रेलवर हात बसवायला निघण्याआधीच सुरुवात करा. मशीन तिथे मिळेल, हात मात्र आपलाच लागतो.

मग न्यायचं काय? हातची हत्यारं: पटाश्या, रंधे, कानशी, पक्कड, इन्सुलेटेड पेचकस, गुण्या, लेव्हल. हॅमर ड्रिलच्या एसडीएस-प्लस पकडीचे बिट आणि छिन्न्या, कारण ही पकड जगभर सारखी आहे. लेसर लेव्हल आणि मल्टिमीटर. आणि बॅटरीवरची मशीनं, कारण १८ व्होल्टची बॅटरी मुंबईत आणि टोरोंटोत १८ व्होल्टचीच असते. अमेरिका-कॅनडात काही कंपन्या त्याच बॅटरीवर २० व्होल्ट मॅक्स लिहितात. पूर्ण चार्ज केल्यावर वाचलेला आकडा तो, नाममात्र व्होल्टेज १८ च. अडतो तो चार्जर. त्यावर इनपुट २२०-२४० व्होल्ट लिहिलं असेल, तर कॅनडासाठी तो इथेच ठेवा आणि तिथे त्याच बॅटरीमालिकेचा नवा घ्या. ती मालिका तिथे विकली जाते का, ही खात्री आधी करा. फक्त भारतात विकल्या जाणाऱ्या ब्रँडची बॅटरी दोन वर्षांनी बसली की मशीनही बसलं.

विमानात बॅटरी नेण्याचा हिशोब वॅट-अवरमध्ये होतो: व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. १८ गुणिले ५ म्हणजे ९०, हे १०० च्या आत आहे आणि परवानगीशिवाय चालतं. १८ गुणिले ६ म्हणजे १०८, त्याला विमान कंपनीची आधी परवानगी लागते आणि अशा सुट्या बॅटऱ्या दोनच नेता येतात. १६० च्या वरची बॅटरी प्रवाशाला नेताच येत नाही. सुट्या बॅटऱ्या फक्त केबिन बॅगेत. प्रत्येकीच्या धातूच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावा किंवा मूळ प्लॅस्टिकची टोपी बसवा, आणि प्रत्येक वेगळ्या पिशवीत ठेवा. फुगलेली, तडकलेली बॅटरी नेऊच नका. मशीनची बॉडी मात्र चेक-इन बॅगेत, कारण मशीन, ब्लेड, पटाश्या केबिनमध्ये चालत नाहीत. बॅटरी काढल्यावर ड्रिलचं उलट-सुलट फिरवायचं बटण मधोमध ठेवा, त्याने ट्रिगर लॉक होतो. बिट आणि ब्लेड काढून वेगळे गुंडाळा. मशीनची प्लॅस्टिकची पेटी उगाच वजन खाते. मशीन जाड कपड्यात गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवलं की पुरतं. एक बॅग ३२ किलोच्या वर गेली, तर ती घेतच नाहीत.

नेलगनचे गॅस कॅन, कॉन्टॅक्ट अॅडहेसिव्ह, थिनर, स्प्रे पेंट आणि फायरिंग गनची काडतुसं बॅगेत ठेवू नका. पेट्रोलवर चाललेला कटर किंवा चेन सॉ टाकी रिकामी केली तरी वास राहतो आणि काउंटरवर परत करतात. सामान जहाजाने पाठवत असाल, तर सुट्या लिथियम बॅटऱ्या यूएन ३४८० या धोकादायक मालात मोडतात. घरसामानाच्या खोक्यात त्या लपवू नका.

कस्टम्ससाठी इंग्रजीत एक यादी करा: मशीन, कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर, खरेदीचं वर्ष, आजची अंदाजे किंमत. दोन प्रती काढा, जुनी बिलं जोडा. निघायच्या आठवड्यात मुंबईच्या नागदेवीतून किंवा पुण्याच्या बोहरी आळीतून नवं मशीन घेऊन सीलबंद नेऊ नका, कारण बहुतेक देशांची करसवलत वापरलेल्या सामानाला आहे. युरोपीय संघाच्या नियमात वस्तू किमान ६ महिने तुमच्या वापरात हवी आणि तुम्ही किमान १२ महिने संघाबाहेर राहत असायला हवेत. आणल्यावर १२ महिने ती विकता किंवा भाड्याने देता येत नाही. व्यवसायाच्या सामानाला ही सवलत नाही, पण कारागिराची हातात नेण्याजोगी हत्यारं त्यात बसतात. कॅनडात नेमकं उलटं आहे: बांधकाम किंवा कंत्राटी कामात वापरायची उपकरणं स्थलांतरिताच्या करमुक्त सामानात धरत नाहीत. त्यांची नोंद वेगळी करा आणि खरं सांगा. मागून येणाऱ्या सामानाची यादीही पहिल्याच प्रवेशाच्या वेळी बीएसएफ१८६ फॉर्मसोबत द्यावी लागते, नंतर जोडता येत नाही.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी यादीपेक्षा सफाईवर वेळ घालवावा. तिथे माती, भुसा आणि किडलेलं लाकूड तपासतात. रंधा मशीनचं बेल्टचं झाकण उघडा, पाती काढा आणि आतला भुसा ब्लोअरने उडवून ब्रशने खरवडा. पटाशीच्या लाकडी मुठीला टाचणीएवढी भोकं दिसली तर मूठ बदला. खोकं कच्च्या लाकडाचं नको, प्लायचं करा.

आखाताचा प्रश्न सोपा आहे. तिथे बहुतेक कंपन्या मशीनं देतात, तेव्हा स्वतःची हातची हत्यारं आणि मीटर एवढंच न्या. परत यायचं असल्याने महागडी वस्तू मुंबई विमानतळावर निघतानाच कस्टम्सला दाखवून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या. त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या, म्हणजे परतताना त्याच वस्तूवर ड्युटी मागणार नाहीत. बॅग चेक-इनला देण्याआधी हे काम उरकावं लागतं, म्हणून दोन तास जास्त हाताशी ठेवा.